रोलमधला शेवटचा फोटो

ऋचा आणि नील, काल ऋचाने फोनवर तिच्या एम.ए.च्या प्रकल्पातले फोटो दाखवले, म्हणून आजच लिहायला बसले. एका रिकाम्या खुर्चीचे दोनशे फोटो! वर म्हणते, "आजी, सर म्हणाले, अजून काढ."

मला हेवा वाटला, ऋचा. अगदी पोटात दुखेल असा.

आमचा कॅमेरा तुमच्या आजोबांच्या गळ्यात असे. रोल धुवायला द्यायच्या दिवशी एखादा फोटो उरलाच, तर ते म्हणत, "घे, संपवून टाक." मग मी घाईने समोरचं काहीतरी टिपायची. एकदा दोरीवरची माझी निळी साडी वाऱ्याने फुगली होती.

"साडीचा कसला फोटो? वाया घालवलास," ते हसले.

ती साडी केव्हाच फाटली. फोटो माझ्या कपाटात आहे.