घोटभर पाणी

सिस्टरबाईंना पुस्तकातल्या आजारी माणसांची फार काळजी. मी वाचून दाखवत असले आणि कादंबरीत कोणाला ताप आला की त्या मला मध्येच थांबवायच्या. "किती दिवसाचा ताप? अंगावर पांघरूण हाय का? पाणी कोण देतंय?" मी म्हणायचे, "अहो, ते लिहिलेलंच नाही." मग त्या नाक मुरडायच्या. त्यांच्या लेखी त्या लेखकाचा निकाल तिथंच लागलेला असायचा.

सिस्टरबाई वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. नोकरीसाठी या डोंगरात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. निवृत्तीनंतर मार्गासनीत, आमच्यापासून चार घरं सोडून दोन खोल्या बांधून राहिल्या. माझी मुलगी त्यांच्याच हातावर जन्मली. त्यामुळे मी शाळेतून रिटायर होऊन साठी ओलांडली तरी त्या मला 'पोरी'च म्हणतात.

पुण्यातल्या एका मंडळीचं, म्हणजे चर्चचं, छोटंसं मासिक आहे, त्यात त्या नव्या ख्रिस्ती पुस्तकांवर लिहायच्या. काचबिंदूनं दृष्टी गेली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मी वाचायचं, त्यांनी मत सांगायचं आणि मी ते लिहून मोबाईलवरून मासिकाला पाठवायचं, असं ठरलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, भांडी आवरली की मी त्यांच्या ओट्यावर हजर. मंगळवारी माझा गणपतीचा उपास असतो. पोटात साबुदाणा आणि हातात कोणा पास्टरचं आत्मचरित्र. "तुझा गणपती रागवायचा न्हाई न्हवं?" त्या विचारायच्या. मी म्हणायचे, "त्यालाही लिहिण्यावाचण्याचीच आवड."

आधी मला वाटलं होतं, सगळी देवाची पुस्तकं म्हणजे सगळी सारखीच गोड असणार. पण सिस्टरबाईंच्या हाती सापडलं की एकेकाची बिनपाण्यानं व्हायची. साक्षीची पुस्तकं, म्हणजे आपण कसे वाया गेलो होतो आणि प्रभूनं कसं सावरलं हे सांगणारी, त्यांना जराही खपायची नाहीत. "दारू, पत्ते, मारामाऱ्या दीडशे पानं, आन सुधारल्यावरची वीस! सुधारून काय करत हुता ह्यो? बायकोला भाजी निवडू लागला का? ते सांग की बाबा." प्रार्थनेवरच्या एका जाड पुस्तकात धीर कसा धरावा यावर अख्खं प्रकरण होतं. ते संपल्यावर म्हणाल्या, "ह्या माणसानं वेल्ह्याच्या एस.टी.ची वाट बघितलेली दिसत न्हाई." एका अनुवादित कादंबरीत बाहेर बर्फ पडतंय आणि नाताळच्या जेवणाला बावीस माणसं बसलीत. मला ते वर्णन फार आवडलं. सिस्टरबाईंनी एवढंच विचारलं, "भांडी कुणी घासली?"

आवडलं ते एक बारकं चरित्र. जुन्या काळी खांद्याला पिशवी लावून गावोगाव शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, पुस्तिका वाटत फिरणाऱ्या एका बाईचं, तिच्या नातीनं लिहिलेलं. आजी तिरसट होती, तिच्या टाचांना भेगा होत्या आणि लोकांनी पाण्याला विचारलं नाही की ती घरी येऊन चिडचिड करायची, असं नातीनं सरळ लिहिलं होतं. ते पान सिस्टरबाईंनी मला दोनदा वाचायला लावलं. "हिच्यावर माझा इश्वास बसतो," म्हणाल्या. माझाही बसला. चमत्काराच्या पानावर पोचायची घाई झालेला लेखक मलाही आता लांबून ओळखू येतो. मात्र मला रडवणाऱ्या कादंबऱ्या अजूनही आवडतात आणि त्यासाठी मी कोणाची माफी मागणार नाही.

चूक माझ्या हातून झाली ती अशाच एका कादंबरीपायी.

भोरच्या एका तरुण मुलीची ती पहिली कादंबरी. डोंगरातलं गाव, नवी सून, भाविक घर. मध्यावर सासू तापानं आडवी पडते. तीन दिवस सगळं घर तिच्याभोवती गुडघे टेकून प्रार्थना करतं आणि चौथ्या दिवशी सासू उठून बसते. अकरा पानं होती ती. मी डोळे पुसत वाचली. सिस्टरबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "ज्या घरात तीन दिवस तापलेल्या बाईला कुणी घोटभर पाणी देत न्हाई, त्या घराची प्रार्थना देवानं कशाला ऐकावी? लेखिकेनं आधी एखाद्या आजाऱ्यापाशी बसावं, मग लिहावं."

मी लिहिलं. घरी आल्यावर मात्र ते वाक्य काही केल्या पाठवेना. पहिलंच पुस्तक, कोवळी पोर, वाचून मोडून पडेल. मी ते खोडलं आणि तिथं लिहिलं, 'सासूच्या आजारपणाचा प्रसंग मन हेलावून टाकतो.' अंक आल्यावर सिस्टरबाईंनी नेहमीसारखं छापलेलं वाचून दाखवायला सांगितलं. मी मासिक समोर धरलं आणि त्यांचं मूळ वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्या खूश झाल्या. मला त्या दिवशी त्यांच्याकडचा गवती चहा गोड लागला नाही.

महिनाभरानं एका शुक्रवारी ती मुलगीच सिस्टरबाईंच्या दारात उभी. भोरहून दोन गाड्या बदलून आली होती, हातात नानकटाईचा डबा. मी आत चहा ठेवत होते. बाहेर तिनं पर्समधून कात्रण काढलं आणि वाचलं, "मन हेलावून टाकतो. आजी, तुमच्या या एका वाक्यावर मी दुसरं पुस्तक लिहायला घेतलंय."

चहा उतू गेला.

सिस्टरबाईंनी ते कात्रण हातात घेऊन चाचपलं. मग म्हणाल्या, "बाळ, ते वाक्य माझं न्हाई. माझं ऐकायचं असलं तर ऐक." आणि त्यांनी तिला खरं मत सांगितलं, एक शब्दही कमी न करता. मुलीचा चेहरा पडला. "पण ती प्रार्थना..." ती पुटपुटली. "प्रार्थना व्हय," सिस्टरबाई म्हणाल्या. "मी पण करते. हातात चमचा धरून करते." मग मला हाक मारली. "हितं ये. खाटेवर झोप."

मी झोपले. न झोपून सांगते कोणाला? सिस्टरबाईंनी चाचपत माझ्या मानेखाली हात घातला, डोकं जरासं उचललं आणि ओठांच्या कडेनं चमच्यानं पाणी सोडलं. सरळ घशात ओतलं तर ठसका लागतो, म्हणाल्या. मग तेच त्या मुलीला करायला लावलं. तिनं निम्मं पाणी माझ्या गळ्यावर सांडलं. माझं पोलकं भिजलं आणि तिला हसू फुटलं, रडता रडता. जाताना ती दोघींच्याही पाया पडली. माझ्या कशाला पडली कोण जाणे.

ती गेल्यावर सिस्टरबाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "माझे डोळे गेले म्हणून तुझे मागितले. मत न्हवतं मागितलं. मंगळवारी येऊ नगंस."

तीन आठवडे मी गेले नाही. दुपार झाली की घरात नुसती येरझारा घालायचे. नवरा म्हणाला, "भांडण झालं का तुमचं?" मी त्याच्यावरच खेकसले. चौथ्या मंगळवारी सिस्टरबाईंचाच निरोप आला, पुस्तक येऊन पडलंय म्हणून. पळत गेले. पुढच्या अंकात त्यांनी दुरुस्ती घालायला लावली. मी स्वतःचं नाव घालणार होते, तर म्हणाल्या, "नाव राहू दे. लिहिताना चूक झाली एवढंच लिही."

वाचन पुन्हा सुरू झालं, पण एक नवीन सवय घेऊन. दर पान संपलं की त्या विचारायच्या, "लिहिलंय तसंच न्हवं?" मी म्हणायचे, "तसंच." दीड वर्ष हे चाललं. त्या रागानं विचारत नव्हत्या, तरी दरवेळी मला ते टोचायचं.

गेल्या महिन्यात त्या मुलीची दुसरी कादंबरी आली. निम्म्यावर आलो आणि म्हातारा सासरा आजारी पडला. पान उलटलं. सून त्याच्या मानेखाली हात घालते. डोकं जरासं उचलते. ओठांच्या कडेनं चमच्यानं पाणी सोडते. थोडं गळ्यावर सांडतं, ती पदरानं टिपते.

आणि एकदम लक्षात आलं, हे सगळं मीच पदरचं घातलंय असं सिस्टरबाईंना वाटणार. मला खोटं वाचायचं असतं तर मी नेमकं हेच वाचलं असतं.

पान संपलं. सिस्टरबाईंचा नेहमीचा प्रश्न येईना. शेवटी मीच म्हणाले, "सिस्टरबाई, शपथेवर सांगते, हे लिहिलेलं आहे. शेजारच्या वहिनींना हाक मारते. त्या वाचून दाखवतील."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "तू वाचलंस न्हवं? मग दिलं तिनं पाणी. पुढं वाच."

त्या दुपारी मी आणखी तीस-चाळीस पानं वाचली. एकाही पानाला त्यांनी मला काही विचारलं नाही.