पाणी आलं!
माहेरची घागर घासताना अजून गाळाचा वास येतो, निदान मला तरी, आणि सांगलीतला माझा पहिला पावसाळा आठवतो. मी दुष्काळी माण तालुक्यातली, नवीनच लग्न होऊन आलेले. पाऊस थांबेना, नदी फुगलेली, सासरे सारखे दारात जाऊन बघायचे. एका सकाळी गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!" माहेरी टँकर आला की हीच हाक यायची; मी घागर उचलून धावत सुटले, ती थेट पायरीवरच्या गढूळ पाण्यात. मागून सासूबाई ओरडल्या, "आगं, भरायचं न्हाई हे, पळायचं हाय!" गेल्या उन्हाळ्यात माहेरी तीच हाक आली. सगळ्या बायका घागरी घेऊन टँकरकडे धावल्या, आणि मी आईची अंथरुणं माळ्यावर फेकत होते.