सतराव्या मैलाचं माहेर

नगरहून निघून, पारनेरचा माळ ओलांडून, घाट उतरून थेट समुद्राला भिडणारा आमचा रस्ता सरकारी मालकीचा आहे, ही फक्त सरकारची समजूत होती. खरे मालक आमचे मुकादम. हुद्द्यानं ते मुकादमसुद्धा नव्हते. सतराव्या मैलावरचे साधे मैलकुली. आपल्या वाट्याच्या एका मैलाचे खड्डे बुजवायचे, साइडपट्टीवर मुरूम पसरायचा, कडेचे चर मोकळे ठेवायचे, एवढंच त्यांचं काम. पण त्यांचा फेटा, मिशा आणि बोलण्यातली जरब बघून लोकांनी त्यांना परस्परच बढती देऊन टाकली होती आणि पगार न वाढता मिळालेली ती बढती त्यांनी तीस वर्षं इमानानं सांभाळली. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण तो तिथं असण्याबद्दल त्यांची जरा तक्रारच होती. "समिंदर आडवा आला म्हनून बंदरापाशी थांबावं लागलं," ते म्हणायचे, "न्हाईतर आपला रस्ता कुटल्या कुटं गेला असता."

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात त्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं आणि मी हजेरी कारकून म्हणून तिथं जाऊन पडलो. वय बावीस, पायात नवी कोल्हापुरी, खिशात पेन, आणि आपण म्हणजे कोणीतरी आहोत असा भ्रम. पहिल्याच दिवशी रस्त्याच्या मधोमध ऐटीत चालत असताना मुकादमांनी मला हाताला धरून खाली साइडपट्टीवर आणलं. डांबर गाड्यांसाठी असतं, माणसांनी कडेनं चालावं, असा त्यांचा कायदा होता आणि त्यात लहानथोर असा भेद नव्हता. एकदा मोठ्या साहेबांची जीप त्यांच्या मैलावर उभी राहिली. साहेब खाली उतरून दुष्काळाची पाहणी करत होते आणि मुकादम ओणवे होऊन जीपच्या पोटाखाली बघत होते. जीपचं तेल गळत होतं. पाहणी संपेपर्यंत ते थेंब झेलण्यासाठी खाली घमेलं धरून बसले, आणि जाताना साहेबांना म्हणाले की पुढच्या बारीला गाडीला लंगोट बांधून आणा. साहेब भला माणूस, हसला. मला मात्र नोकरी गेल्यासारखंच वाटलं होतं.

गाड्यांशी त्यांचं बोलणं अखंड चालू असायचं. दीड फर्लांगावरून आवाज ऐकून हा मिठाचा ट्रक, हा सुकटीचा, ही पारनेरची एस.टी., असं सांगायचे, आणि प्रत्येकाला जाता जाता एक शब्द सुनवायचे. सुकटीच्या ट्रकाला तर माळावरचं आंधळं कुत्रंही ओळखेल, असं मी एकदा म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. किलोमीटरचे नवे दगड आले तेव्हा त्यांनी ते निमूट रोवले, चुना लावला, आकडे रंगवले आणि त्यांच्याकडे पुन्हा ढुंकून बघितलं नाही. मैल म्हणजे मैल. किलोमीटर म्हणजे त्यांच्या मते वाण्यानं मापात मारलेला मैल. बायको कधी वारली, तर म्हणे चौदाव्या मैलाचा पूल नवा झाला त्या साली. पोरगी कधी झाली, तर सोळाव्या-सतराव्याला पहिलं डांबर पडलं तेव्हा. पंचांगाशिवाय त्यांचं काही अडत नसे.

त्या एकुलत्या एक पोरीचं, मंजुळाचं, लग्नही त्यांनी रस्त्याच्याच हिशोबानं केलं. दौंड रस्त्याच्या अंगाला पंधरा एकर बागाईत असलेलं स्थळ सांगून आलं होतं. पाहुणे बसले, चहा झाला, आणि मुकादमांनी ते मोडलं. कारण रस्ता दुसरा. मग जावई शोधला तो थेट एकशे बाविसाव्या मैलाचा, म्हणजे रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा, बंदराजवळचा, आणि तोही मैलकुलीच. भावकीनं तोंडात बोटं घातली. आईविना वाढलेली पोर इतक्या लांब टाकली म्हणून बायका हळहळल्या. मुकादमांना यातलं काहीच पटत नव्हतं. एकाच रस्त्यावर राहणारी माणसं लांब कशी असतील? दारातून निघायचं आणि कुठं वळायचं नाही, की आलंच पोरीचं घर.

आणि एका अर्थानं ते खरंही होतं. शेजारशेजारच्या मैलांचे दोन मैलकुली दुपारी हद्दीच्या दगडाशी भेटायचे, तंबाखूची देवघेव व्हायची आणि बोलणंही हातोहात पुढं सरकायचं. निकडीचा निरोप असला तर घेणारा लगेच पुढच्या हद्दीकडे चालू लागे. अशा रीतीनं मंजुळाची खुशाली पंधरा-सोळा दिवसांत शंभरावर तोंडांतून सतराव्या मैलाला पोचायची. दोन दिवसांत पोचणाऱ्या पोस्टावर मुकादमांचा विश्वास नव्हता. पोस्टाचं कार्ड रेल्वेनं कुठं कुठं फिरून येतं आणि वाटेत त्याला कोणी विचारतसुद्धा नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्याच माघात मंजुळाला सातवा लागल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. एरवी मुकादमांनी रस्ता झाडून काढला असता. पण गावातल्या विहिरीला तळ दिसत होता, टँकर दोन दिवसांआड यायचा, तोही आला तर, आणि घागरीवरून बायकांची डोकी फुटत होती. बाळंतिणीला न्हाऊ घालायला रोज दोन हंडे पाणी आणायचं कुठून? आठ दिवस त्यांनी एकाही गाडीला शब्द सुनवला नाही. गाड्या नुसत्याच जायच्या. मग एका दुपारी माझ्यापाशी आले, पोस्टकार्ड पुढं केलं आणि लिहा म्हणाले. निरोप शंभर माणसांच्या तोंडून जाईल आणि शंभर माणसांना कळेल, म्हणून हे कार्ड. त्यांनी सांगितलं, इथं पाणी नाही. मी लिहिलं. ते खोडायला लावलं. इथं सगळं बरं आहे असं लिहायला सांगितलं. 

"लिवा भाऊसाहेब," ते म्हणाले. "येऊ नकोस म्हनावं."

मी लिहिलं. आयुष्यात पुढं पुष्कळ वाईट मजकूर लिहिले, नोकरीच ती होती, पण तेवढे दोन शब्द लिहायला जेवढा वेळ लागला तेवढा पुन्हा कशाला लागला नाही. आई नाही, म्हणून पोरीला माहेरही नाही, असं लोक म्हणतील याची त्यांना लाज वाटत होती, आणि लोकांपेक्षा जास्त पोरीला तसं वाटेल याची भीती.

दुसऱ्या दिवसापासून ते हरवल्यासारखे रस्त्याकडेच्या बाभळींच्या खोडांशी नखानं खरवडताना दिसू लागले. डिंक गोळा करत होते. तीस वर्षं जपलेल्या बाभळी, त्याही त्या उन्हाळ्यात निम्म्या वाळलेल्या, तरी शेर-दीड शेर डिंक निघाला. खोबरं, खारीक, गूळ नगरहून आणलं. खडी फोडणाऱ्या बायकांनी संध्याकाळी त्यांच्या अंगणात चूल मांडली आणि पन्नास लाडू वळले. स्वतः कामावर मिळणाऱ्या सरकारी सुकडीवर दिवस काढणाऱ्या त्या बाया, पण एकीनं बोट चाटलं नाही. लाडू पत्र्याच्या डब्यात भरले, डबा फडक्यात शिवला आणि मुकादमांनी तो अठराव्या मैलाच्या हाती दिला.

त्याआधी मी म्हटलं होतं, पार्सल करू. नाही. मी म्हटलं, तुम्ही स्वतः एस.टी.नं जा, एका दिवसाचा तर प्रवास. त्यावर ते डब्याची शिवण पुन्हा ओढून बघू लागले. येऊ नको म्हणून सांगितलेल्या पोरीच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हे मला बाविसाव्या वर्षी कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की अशा भुकेच्या साली गुळाचा वास येणारा डबा शंभर माणसांच्या हातातून चालला आहे. विसावा मैलसुद्धा ओलांडणार नाही, असं मी चारचौघांत छातीठोक सांगितलं.

डब्यानं माझं नाक कापलं. विसावा ओलांडला, तिसावा ओलांडला. रोज दुपारी बातमी यायची आणि खडीवरची माणसं हजेरीच्या आधी डबा कुठवर गेला ते विचारायची. पन्नासाव्या मैलाच्या मैलकुलीच्या घरात तीन पोरं होती आणि चूल एक वेळ पेटत होती. त्यानं डबा रात्रभर झाडाला टांगून ठेवला आणि उजाडायच्या आत पुढं दिला. डबा सुखरूप घाटाखाली उतरला आणि मग मात्र बातमी बंद झाली.

नंतर आली ती भलतीच. अठराव्याचा मैलकुली धावत आला आणि मुकादमांच्या पाया पडला. मुलगा झाला म्हणाला, साऱ्या रस्त्यानं लाडू खाल्ले. खडीवरच्या बायकांनी हातोडे टाकले, कुणी ओवी धरली. मुकादम तेवढे उभ्या जागी पांढरे पडले. बोटांवर मोजू लागले. सातवा होऊन आठवा लागला होता. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही आमच्याकडची जुनी धास्ती. शिवाय लेकीचं काय झालं हे बातमीत नव्हतंच. मैलाच्या दगडाला टेकून ते जे बसले ते दोन दिवस. मिठाचा ट्रक गेला, एस.टी. गेली, त्यांनी मान वर केली नाही. मी शेजारी बसून राहिलो. 

तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. मंजुळाचं पत्र. मी वाचू लागलो आणि सगळा घोटाळा उमगला. घाटावर डिंकाचे लाडू बाळंतिणीनं खायचे असतात. पण घाटाखाली ऐंशीव्या मैलावर एक नवा मैलकुली होता. बाळंतपणाचे लाडू म्हटल्यावर ते आनंदाचे, वाटायचेच, असं त्या बापड्यानं धरलं. मुलगा झाला, हेही त्यानंच ठरवून टाकलं. एक लाडू खाल्ला, तोंड गोड केलं आणि बातमीसकट डबा पुढं दिला. मग पुढच्या प्रत्येकानं एकेक खाल्ला. शेवटी एकशे एकविसाव्यानं आमच्या जावयाला मिठी मारून मुलगा झाल्याचं सांगितलं तेव्हा तो पडत-झडत घरी पळाला. मंजुळा अंगण सारवत होती.

पण पत्र तिथं संपलं नव्हतं. लाडू खाऊन डबा हलका झालेला पुढं कसा द्यायचा? बाळंतिणीच्या घरी रित्या हातानं कोण जातं? म्हणून ज्यानं ज्यानं लाडू खाल्ला त्याच्या घरच्या बाईनं डब्यात काहीतरी टाकलं होतं. मंजुळानं सगळी यादीच लिहिली होती. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंडं, सागरगोटा. जुन्या लुगड्याची चार झबली. एक कुंची, एका बाजूला लाल आणि एका बाजूला हिरवी. काळ्या मण्यांच्या मनगट्या. कुणीतरी मूठभर तांदूळ, पुडीत बांधून. डब्यात मावेना म्हणून वर गाठोडं झालं होतं आणि दोघांनी मिळून ते आणलं. लाडू तेवढे आठ उरले होते.

"माय असती तरी येवढं केलं नसतं, नाना," असं तिनं लिहिलं होतं.

मुकादमांनी पत्र माझ्या हातून घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी उलटसुलट करून पाहिलं, फेट्यात खोवलं, आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू एकदम सोडून दिलं. मीही रडलो. कारकुनानं कामावर रडू नये असा काही नियम नव्हता.

चैत्र सरता सरता मंजुळा बाळंत झाली. मुलगी. यावेळी बातमी आधी पोस्टानं आली आणि रस्त्यानं दोन आठवड्यांनी, पण मुकादमांनी साखर वाटली ती रस्त्याची बातमी आल्यावरच. पुढं पाऊस झाला. विहिरीला पाणी आलं. पंचमीच्या आदल्या दिवशी मंजुळा बाळ घेऊन एस.टी.नं निघाल्याचं कळलं. गाडी दुपारी दोनला यायची. मुकादम सकाळी आठपासून उभे. दोन वाजले, चार वाजले, दिवस कलला. गाडी आली ती सहाला. ड्रायव्हर वैतागून घामाघूम झाला होता. घाटाखालच्या मैलामैलाला माणसं हात आडवा करून उभी होती म्हणाला, बाई बघायचीय, बाळ बघायचंय, ओटी भरायचीय. एकीनं तर बाळाला आपलीच कुंची घातलीय का ते तपासून घेतलं होतं.

मंजुळा गाडीच्या दारात आली. ओटीत नारळ मावत नव्हते. बाळ खांद्यावर झोपलेलं. शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. खाली उतरेना. मला वाटलं, पिशवी अडकली असेल.

"नाना," ती म्हणाली, "येऊ का आता?"

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं, चेष्टेनंही नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं.  मुकादमांनी दोन्ही हात पुढं केले. मंजुळानं बाळ त्या हातांवर ठेवलं, आणि मगच पाय खाली टाकला. त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली. पुढं मला मुली झाल्या, नांदायला गेल्या, सणावाराला येतात. फोनवर त्यांनी नुसतं येऊ का म्हणून विचारलं, तरी उत्तर द्यायला मला क्षणभर उशीर होतो.