शितल सिस्टरचा तक्ता

छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यामुळे कोणी कागद दिला की तो मी लगेच भरून देते, आणि कोणी प्रश्न विचारले की मला राग येतो. शितल वरठाने दोन्ही केलं.

माझा धाकटा भाऊ मोहन चोपन्न वर्षांचा आहे. जन्मापासून त्याची बुद्धी मंद. बोलत नाही, पण आवाज खणखणीत. डहाणूत आम्ही दोघंच राहतो. रोज सकाळी तो रिक्षाने चिकूच्या वाड्यांपलीकडच्या एका केंद्रात जातो. तिथे त्याच्यासारखी बावीस मोठी माणसं दिवसभर असतात. दोन वर्षांपूर्वी तिथे नर्स म्हणून शितल आली. तलासरीकडच्या पाड्यावरची, तिशीही न गाठलेली. वापीच्या दवाखान्यातली बऱ्या पगाराची नोकरी सोडून रोज एसटीने यायची. मी मनात म्हटलं, ही काही चार महिन्यांपुढे टिकत नाही.

पहिला महिना तिने नुसते प्रश्न विचारण्यात घालवला. मोहन कुठल्या कुशीवर झोपतो, पाणी किती पितो, खूश असला की काय करतो, शौचाला रोज होते का. मी डॉक्टरांची जाडजूड फाईल तिच्यापुढे सरकवली.

"फाईलमध्ये आजार आहे, बाई," ती म्हणाली. "मला बरा असतो तो मोहनदादा पायजे."

शौचाचं चारचौघांत बोलायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी तिला तसं सुनावलंही. तर म्हणते कशी, तिचा आजा बारक्या रोज सकाळी आधी बैलाचं शेण बघायचा, कारण बैलाला पोट दुखतंय असं सांगता येत नाही.

"म्हणजे माझा भाऊ बैल का?"

"बैलाकडे कोणीतरी बघतं, बाई."

पोरगी खमकी आहे, हे त्याच दिवशी कळलं. पुढे तिचं काम बघत गेले तसा माझा ताठा कमी होत गेला. केंद्रातली शुक्री कानशिलं बडवून घ्यायची, म्हणून तिचे हात ओढणीने बांधून ठेवत. वेड वाढलं, असं सगळ्यांचं मत. शितलने पाच दिवस तिच्या शेजारी बसून तिला तोंड उघडायला लावलं. आतली दाढ किडून गेली होती. दाढ काढली, बडवणं थांबलं, ओढणी परत शुक्रीच्या खांद्यावर आली. हे पाहून मला शितलचा अभिमान वाटला होता, हे आज लिहून टाकते. तेव्हा तिला सांगितलं नाही.

गेल्या मार्चमध्ये मोहनची आदळआपट वाढली. डॉक्टरांनी नवी गोळी दिली. शितलने मला महिन्याचा एक तक्ता आखून दिला. "ह्या गोळीने पोट साफ होत नाही. रोज स्वतः बघा नि खूण करा. दोन दिवस शौचाला झाली नाही तर मला लगेच फोन."

मोहन संडासात एकटा जातो, दार लावतो, बादलीभर पाणी ओततो. पाण्याचा आवाज आला की मी बरोबरची खूण करायची. पुढे पुढे तर आठवड्याच्या सगळ्या खुणा रविवारी एकदम. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेत आम्ही किती तक्ते असे भरलेत, हे साहेबांना कळलं असतं तर माझी पेन्शन गेली असती.

आणि मोहन सुधारला. आदळआपट बंद. केंद्रात तो रोज दहा वाजता सगळ्यांच्या चपला ओळीत लावायचा, आणि एखादी कोणी हलवली तर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडायचा. एका सोमवारी मी केंद्रात गेले, तर चपला तशाच विखुरलेल्या होत्या. तो भिंतीला टेकून गप्प बसला होता. मदतनीस जानी म्हणाली, "मोहनदादा शाना झाला आता." मी पेढे आणायच्या बेतात होते.

शितलचा चेहरा मात्र उतरला. ती त्याच्यापुढे खाली बसली. "मोहनदादा, पोटाला हात लावते हां," असं सांगून तिने सदरा वर केला. पायजम्याची नाडी कातडीत रुतली होती. पोट टणक.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं पोट फुगतंच, गॅस असेल. मग त्यांनी तक्ता पाहिला. "रोज साफ होतंय की. गोळी देतो, घरी न्या."

शितल माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "बाई, ह्या खुणा तुम्ही बघून केल्यात?"

आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगत आले. शेवटी म्हटलं, "नाही. एकही नाही."

एक्स-रे काढला. आतडं गच्च भरलेलं. आणखी दोन दिवस गेले असते तर फुटलं असतं, डॉक्टर म्हणाले. ते मोकळं करायला शितलने सगळ्यांना पडद्याबाहेर घालवलं. अनोळखी हात लागला की चावणारा माझा भाऊ, आणि त्याची सगळ्यात लाजेची जागा. पडद्याआडून तिचा आवाज येत होता. आता पांघरूण काढते. आता थंड लागेल. आता थोडं दुखेल, माझा हात दाबा. प्रत्येक गोष्ट ती त्याला आधी सांगत होती, एखाद्या वडीलधाऱ्याला सांगावी तशी. मोहन चावला नाही. मी बाकावर बसून रडले.

तीन दिवसांनी तो घरी आला. शितलने मला चार शब्द सुनावावेत म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली, "तक्ताच चुकला माझा. खूण करणं लय सोपं असतं. आता रोज एक वाक्य लिहा, काय बघितलं ते." मग तिने पहिल्या महिन्यात माझी उत्तरं लिहून घेतलेली मोहनची वही उघडली. 'दुखतं तेव्हा काय करतो' या ओळीपुढची जागा दोन वर्षं कोरी होती, कारण मला ते कधी सांगताच आलं नव्हतं.

"गप्प बसतो," मी म्हटलं. तिने लिहून घेतलं.

ती लिहीत असतानाच मला आठवलं. आई गेली तेव्हा मोहन तेरा दिवस असाच ओटीवर बसून होता, न ओरडता. भेटायला येणारे म्हणत, बघा कसा शहाण्यासारखा बसलाय, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय. मी मान डोलवत चहा देत होते, आणि त्या तेरा दिवसांत त्याच्याजवळ जाऊन कोणी बसलं नाही.