माळ्याखालची दांडी

कल्याणात माझं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, आणि तेवढ्यात आम्ही नवरा-बायको नि दोन मुली. मी स्टेशनावर मालाच्या हापिसात कारकून. वडील गेले, आईला कोकणातून कायमचं आणायचं ठरलं, आणि माझ्या डोक्यात माळ्याचं खूळ शिरलं. मालगाडीच्या वाघिणीत, म्हणजे डब्यात, माल कसा ठासून रचायचा हे दिवसभर बघणारा माणूस मी. मागच्या खोलीचं आढं चांगलं उंच, आणि वर नुसता धूर! एवढी जागा फुकट का घालवायची?

बायको तेव्हा माहेरी होती. नाहीतर तिनं मला तिथंच अडवलं असतं. मी आंबिवलीकडचा साग आणवला. सुतार म्हणाला, "रावसाहेब, माळा घालतो, पण आढ्याखालची ही दांडी कुठं न्यायची?"

"खाली घे की. कपडे वाळत घालायची दांडी ती, तिचं काय एवढं!"

काय एवढं! सोवळं वाळायची दांडी ती. कुणाचा हात लागू नये म्हणून तर ती तिथं वर. आम्ही सोवळ्याचं फारसं ताणत नव्हतो. सणावारी बायको काठीनं तिच्यावर लुगडं टाकायची, ते मी शंभरदा पाहिलेलं. तरी तोंडातून हे गेलं.

माळा मात्र फक्कड झाला. सरपण, जास्तीची भांडी, पाहुण्यांची अंथरुणं सगळं वर गेलं आणि चुलीपलीकडे आईपुरता कोपरा मोकळा झाला. आळीतले लोक मुद्दाम बघून गेले. "वा, काय डोकं चालवलंत!" मी असा फुगलो की विचारू नका.

आई आली. कोपऱ्यावरून नजर फिरवून म्हणाली, "माझ्यासाठी एवढं केलंस रे?"

दुसऱ्याच दिवशी तिनं धुतलेलं आलवण, तिचं विधवेचं तांबडं लुगडं, दांडीवर टाकलं. दांडी आता डोक्याच्या उंचीला, आणि मोरीची वाट तिच्याखालून. धाकटीचा धक्का लागला. आईनं आलवण पुन्हा धुतलं, पिळलं आणि ओलंच नेसून चुलीपुढे बसली. पुढच्या दिवशी माझंच पागोटं लागलं. मग ते रोजचंच झालं.

पौषातली थंडी, त्यात आईला दमा. छातीची शिट्टी बैठकीत ऐकू यायची. "आई, कोरडं नेस ना एखादं!"

"धक्का लागलेल्या वस्त्रानं देवाचा नैवेद्य कसा रांधू?"

"मग काय घर पाडू?" मी ओरडलो. आईवर ओरडलो मी.

बायको म्हणाली, "घर नको, एवढा माळा पाडा." पण सारी आळी वाखाणून गेलेल्या माळ्याला मी हात लावतोय होय! मी म्हटलं, धाबळी आणू, लोकरीला विटाळ नसतो. मग उद्या आणतो, परवा आणतो करत महिना घालवला. पेठ दारापासून पन्नास पावलांवर होती.

शेवटी आईच म्हणाली, "मला कोकणात भावाकडे पोचव. त्याचं आढं उंच आहे." बंदरावर तिला मचव्यात बसवलं. खरं सांगतो, तिला बसवून परत फिरताना मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते आज, पण वाटलं.

फाल्गुनात मामांचं पत्र आलं. वरच्या कोपऱ्यात 'अशुभ' लिहिलेलं दिसलं आणि पत्र उंबऱ्याबाहेरच वाचलं. आईची छाती भरली ती सुटलीच नाही. रीतीप्रमाणे अंगावरच्या कपड्यांनिशी विहिरीवर अंघोळ केली आणि तसाच निथळत मागच्या खोलीत येऊन उभा राहिलो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि माझे दात वाजत होते. चुलीपलीकडचा कोपरा मोकळा होता.

बायको कोरडं धोतर घेऊन आली. म्हणाली, "बदला आता, आजारी पडाल."

मी हात पुढे केला नाही.