आईने रंगवलेली टाकी

बेलापूरच्या गावठाणात आमचं घर आहे. शेजाऱ्यांच्या तळमजल्यावर गाड्या उभ्या असतात किंवा भाडेकरू राहतात, आमच्या तळमजल्यावर बाबांचं वर्कशॉप आहे. बाबा कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. रिटायर झाले तरी हात काही स्वस्थ बसेनात, तेव्हा त्यांनी पाळणे करायला घेतले. भावकीत कुणाकडे बाळ होणार अशी कुणकुण लागली की बाबा लाकूड आणायला निघालेच. त्या पाळण्यांना स्प्रेने रंग मारायचा, म्हणून कॉम्प्रेसर. वर मोटार, खाली हवा भरून ठेवणारी लोखंडी टाकी आणि टाकीखाली दोन चाकं.

या कॉम्प्रेसरच्या बाबतीत बाबा भलतेच कडक. चष्मा लावल्याशिवाय जवळ यायचं नाही. काम संपलं की आधी प्लग काढायचा, मग टाकीच्या पोटाखालचा कॉक उघडून पाणी सोडायचं. आमच्या खाडीकाठच्या हवेत ओल फार, ती टाकीत गेली की पाणी होऊन तळाला साचते. चहाला आलेल्या पाहुण्यालाही बाबा हे ऐकवायचे. ‘‘पानी पोटात राहिलं का टाकी आतून सडते. वरून कलत नाय.’’ पाहुणा बिस्कीट हातात धरून मान डोलवायचा.

आईला मात्र त्या यंत्राचा मनापासून राग. नेमकी तिची सिरीयल सुरू झाली की खालून धडधड सुरू व्हायची. ‘‘बसली तुमची सवत बोंबलायला,’’ ती जिन्यातून ओरडायची. बाबा हसायचे आणि मशीन चालूच ठेवायचे. वर्कशॉपमध्ये ती पाऊल टाकायची नाही.

मग एका दसऱ्याला नवल घडलं. बाबांनी पूजेसाठी हत्यारं मांडली होती. आरतीचं ताट घेऊन खाली आलेली आई कॉम्प्रेसरकडे बघून म्हणाली, ‘‘देवाला असा कलकट दाखवतात का?’’ गेटला मारून उरलेला रुपेरी रंग तिने शोधून काढला, पदर खोचला आणि टाकी चकाचक करून टाकली. तिलाच इतकं आवडलं की दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी ब्रश घेऊन ती हजर. बाबा स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहायचे. दुपार अशी छान जायची दोघांची. मी लग्न होऊन जुईनगरला गेले तरी त्या दिवशी मुद्दाम यायचे, कारण माझे आईवडील एका ठिकाणी बसून भांडत नाहीत हे दृश्य एरवी बघायला मिळायचं नाही.

गेल्या वर्षी दसरा तोंडावर आला होता. एका शनिवारी मी माहेरी गेले तर बाबा खाली पाळणा रंगवत होते. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की त्यांचं काहीतरी बिनसलंय. मोटार चालू करून ते लांब, खांबाच्या आड जाऊन उभे राहत. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्यावर येतो न येतो तोच पुढे होऊन मोटार बंद करत. असे बिचकत काम करताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

‘‘बाबा, आड का उभे राहता?’’

‘‘असंच. उन्हाची तिरीप येते.’’

त्या कोपऱ्यात ऊन कधी येतच नाही. मी चष्मा लावला आणि टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढली. हे बाबांनीच मला शिकवलेलं. मोटार आपोआप थांबली नाही तर जादा हवा या व्हॉल्व्हने बाहेर सोडायची असते. तो जिवंत आहे की नाही हे बघायला अधूनमधून रिंग ओढायची, ‘फुस्स’ झालं पाहिजे. झालं नाही. रिंग हललीच नाही. रिंग, स्प्रिंग, हवेचं भोक, सगळं मिळून एक रुपेरी ढेकूळ झालं होतं.

माझं डोकंच फिरलं. ‘‘हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला? टाकी फुटली तर काय होईल ते कारखान्यात लोकांना तुम्हीच सांगत होतात ना?’’

‘‘हलू बोल गो. वर ऐकू जाईल.’’

‘‘जाऊ दे!’’

बाबा स्टुलावर बसले. ‘‘वर्षातनं एक दिस ती आपनहून माज्या खोलीत येते. तिला काय सांगू, हिथं रंग नको लावू, तिथं नको लावू? परत नाय येयाची ती. व्हॉल्व्ह काय, नवा आनून गुपचूप बशवीन.’’

‘‘आणि रंगाच्या खाली टाकी कशी आहे ते?’’

बाबा टाकीकडे न बघता फडक्याने हात पुसू लागले. म्हणजे तेही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी ते इतके आवडले होते की काय करावं कळेना.

जिन्यात कपबश्या वाजल्या. आई चहा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे तिने पाळण्याच्या फळीवर ठेवला.

‘‘म्हंजे माज्या रंगानं तुमी जाल, आनि मला सांगनार पन नाय?’’

बाबा स्टुलावरून उठले. आई म्हणाली, ‘‘खरवडा ते. आत्ताच.’’

बाबांनी प्लग काढला. खालचा कॉक हळूहळू उघडून हवा आणि पाणी सोडलं. काटा शून्यावर येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग पत्रा घासायची पट्टी त्यांनी हातात घेतली, तर आईने ती काढून घेतली. ती स्वतः खाली बसून खरवडू लागली. एकेका दसऱ्याचा रंग पापुद्र्यासारखा सुटत होता. टाकीच्या तळाशी पोचल्यावर तिचा हात थांबला. तिथे पत्रा गंजून खड्डे पडले होते, आणि एका खड्ड्यातून ओल पाझरत होती.

‘‘ठिगळ नाही का मारता येणार?’’ मी विचारलं.

‘‘हवेच्या टाकीला ठिगल नसतं, बाय. ती फुटते.’’

भंगारात दिली तर कुणीतरी नवा रंग मारून पंक्चरवाल्याला विकेल, म्हणून बाबांनी ड्रिल घेतलं आणि टाकीच्या पोटाला आरपार भोकं पाडली. आई तोंडाला पदर लावून रडत होती. टाकीसाठी नव्हे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दसऱ्याआधी नवा कॉम्प्रेसर आला. आई खाली उतरायला तयार नव्हती. ‘‘माजा हात नको त्याला,’’ एवढंच म्हणायची. शेवटी बाबाच रुपेरी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन वर गेले. ‘‘चाकं नि हँडल तुजं. टाकी नि व्हॉल्व्ह मला बघायला उघडं पायजे. चल आता, एकटा बसू का?’’ ती कुरकुरत उतरली. बाबांनी तिला चष्मा दिला आणि तिच्याकडून आधी रिंग ओढवून घेतली. फुस्स झाल्यावर ती दचकून त्यांच्या अंगावर आली. मग दोन चाकं रंगवायला तिने अख्खी दुपार लावली.

परवाच्या शनिवारी मी स्वयंपाकघरात आईजवळ बसले होते. बाबा जेवायला बसले होते. तव्यावर भाकरी टाकता टाकता आई एकदम थांबली.

‘‘अवो, आज आवाज नाय आला मला.’’

‘‘जेवल्यावर करतो गो.’’

‘‘आदी करा, मंग जेवा.’’

बाबा पुटपुटत, हात धुऊन खाली गेले. मोटार धडधडली आणि थांबली. आई उलथनं हातात धरून जिन्याकडे कान लावून उभी होती, भाकरी करपत होती. खालून फुस्स झालं.

‘‘हां,’’ ती म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.