अबोलीचा वळेसर
बाजारात अबोलीचे वळेसर दिसले की मी नजर वळवतो. तीन वर्षांपूर्वी चतुर्थीला मुंबईहून गावी गेलो होतो. आई अंथरुणाला खिळलेली आणि तिचं सगळं करणारी माझी धाकटी बहीण. त्या बुधवारी दुपारी ती इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून पडवीत उभी होती. गणपती बघायला आलेले शेजारी चहा पीत होते, तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका छत्री मिटत आल्या. दर बुधवारी दोन तास त्या आईजवळ बसत, एक पैसा न घेता, आणि तेवढ्या वेळात बहीण जवळच्या कट्टा गावात मैत्रिणीकडे जाऊन नुसता चहा पिऊन येई. चारचौघांसमोर मला लाज वाटली. "आमच्या घरात माणसां आसत. आयेकडे मी बसतंय," मी म्हणालो. बाई छत्री उघडून परत गेल्या. "आज तू बसशीत रे," बहीण हळूच म्हणाली, "फुडल्या बुधवारी कोण बसतलो?" मी शेजाऱ्यांकडे वळलो. तिनं वळेसर सोडून खिडकीत ठेवला आणि ती आईची चादर बदलायला आत गेली. त्या दिवशीही मी जेमतेम अर्धा तास बसलो, आणि शुक्रवारी मुंबई गाठली. बाई पुन्हा आल्या नाहीत. हल्ली बुधवारी दुपारी मी फोन करतो, काय करतंस विचारतो. "बसलंय आयेकडे," ती म्हणते. बाईंना परत बोलव, एवढं एक वाक्य मला अजून बोलता आलेलं नाही.